नवं वीज कनेक्शन : किती दिवसांत मिळायला हवं?

काकती, निपाणी या पट्ट्यात वीज देते ती हुबळीची हेस्कॉम. पलीकडे चंदगड, कागलला महावितरण. कंपन्या दोन, कायदा एकच. वीज कायदा २००३, कलम ४३ नुसार अर्जानंतर महिन्याभरात वीज द्यावी लागते. चुकल्यास दिवसाला १००० रुपयांपर्यंत दंड. केंद्राने २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती करून मुदत आणखी आवळली : महानगरात ३, नगरपालिका हद्दीत ७, ग्रामीण भागात १५ दिवस. म्हणजे निपाणी शहराला ७, काकतीसारख्या गावाला १५. पण दिवस मोजायचे ते पूर्ण कागदपत्रांसह अर्ज दिल्यापासून. खरी गोम इथंच आहे. तारखेची पोच हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नये. नवे खांब टाकून लाइन वाढवावी लागली, तर मात्र मुदत लांबते.