वाचलेले तास कोणाचे?



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो महागाई भत्त्यावर नाहीतर बोनसवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज कादंबऱ्यांवर बोलणार आहे. आणि त्याही सामाजिक किंवा ऐतिहासिक नव्हेत. ज्यांत माणसे शंभर वर्षांनी झोपेतून उठतात, पाण्यातले प्राणी कारखानदारांची कामे करतात, अशा कादंबऱ्यांवर. हा पोरखेळ आहे असे मला वाटत असते, तर मी तुमचा एक तास मागितला नसता. तासाची किंमत आमच्या धंद्यात फार लवकर कळते.

या वाचनाला एक निमित्त घडले. काही वर्षांपूर्वी मोटारींचे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंगच्या खात्यात यंत्राचे हात बसले. आम्ही करार केला. कोणालाही कामावरून काढावयाचे नाही, पगारवाढ ठरल्याप्रमाणे द्यावयाची, ही कलमे भांडून मिळविली, आणि मला त्याचा अभिमानही वाटला. फाटकावरच्या सभेत करार वाचून दाखविला, तेव्हा एक जुना वेल्डर उठून म्हणाला, "भाऊ, आमचं आठ तासांचं काम हे यंत्र दोन तासांत उरकतं. मग वाचलेले सहा तास गेले कुठं?" सभेत हशा पिकला. मीही हसलो. रात्री घरी करार पुन्हा उघडला. त्यात पैशाची कलमे होती, तासाचे एकही नव्हते.

या प्रश्नाचे उत्तर मी प्रथम कायद्याच्या पुस्तकांत शोधले. तेथे ते मिळाले नाही. पण आमच्या गावच्या ग्रंथालयात, ज्या कपाटाकडे मोठी माणसे फिरकत नाहीत त्या कपाटात, हाच प्रश्न विचारणारी पुस्तके मला सापडली. इंग्रजी मी शाळेत फारसे शिकलो नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन ही पुस्तके वाचली. त्यांचा इतिहास आज थोडक्यात सांगतो, आणि त्यांतली काही वाचा अशी विनंती करतो.

प्रश्न तसा यंत्राहूनही जुना आहे. अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत येऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली. अल्लाउद्दिनाचा दिवा आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. दिवा घासला की राक्षस हजर होतो आणि एका रात्रीत राजवाडा उभा राहतो. राक्षसाला मजुरी किती मिळाली, हे कोणी विचारीत नाही. तो न्यायअन्यायही पाहत नाही. दिवा ज्याच्या हाती, त्याचा तो चाकर. म्हणूनच दिवा दुष्ट जादूगाराच्या हाती पडताच तोच राक्षस तोच राजवाडा उचलून आफ्रिकेत नेऊन ठेवतो. पुढे वाफेचे यंत्र आले, आणि गोष्टीतला राक्षस गिरणीत उभा राहिला. दिवा कोणाच्या हाती, हा प्रश्न तेव्हापासून गोष्टीपुरता राहिला नाही.

1811 साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम परगण्यात मोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडावयास सुरुवात केली. हे लोक यंत्राचे आंधळे शत्रू होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. माग ते स्वतःच चालवीत. त्या मागांवर हलका माल काढून मजुरी पाडणाऱ्या मालकांवर त्यांचा राग होता. माग फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा देणारा कायदा 1812 साली सरकारने आणला, तेव्हा उमरावांच्या सभागृहात त्याविरुद्ध बोलणारा एक तरुण कवी होता: लॉर्ड बायरन. त्या सभागृहातले त्याचे ते पहिलेच भाषण. चारच वर्षांनी, 1816 च्या पावसाळी उन्हाळ्यात, हाच बायरन जिनिव्हाच्या सरोवराकाठी बंगला घेऊन राहिला होता. प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे त्याने आपल्या मित्रमंडळींना सुचविले. त्यांत मेरी नावाची अठरा वर्षांची मुलगी होती. तिची गोष्ट 1818 साली लेखिकेच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. तीच 'फ्रँकेन्स्टाइन'.

या कादंबरीत माग नाहीत, गिरणी नाही, आणि मेरी शेलीने ती विणकरांवर लिहिली असे मी म्हणणार नाही. पण सिनेमात पाहिलेला मुका राक्षस मनातून काढून टाका आणि पुस्तक वाचा. तेथला राक्षस वाचावयास शिकतो, युक्तिवाद करतो, आणि आपल्या निर्मात्याला जाब विचारतो: मला घडविलेस, मग टाकून का पळालास? शास्त्रज्ञाचा गुन्हा त्याने प्राणी घडविला हा नाही. घडविल्यावर त्याची जबाबदारी घेतली नाही, हा आहे. नवे यंत्र आणून जुन्या माणसांकडे पाठ फिरविणाऱ्याला हे पुस्तक आजही बोचेल.

दुसरे पुस्तक अमेरिकेतले. 1886 साली शिकागोत आठ तासांच्या मागणीची चळवळ रक्ताने माखली. त्यानंतर दोनच वर्षांनी एडवर्ड बेलामीची 'लुकिंग बॅकवर्ड' निघाली. तिचा नायक बोस्टनमधला एक श्रीमंत तरुण आहे. सुतार-गवंड्यांच्या संपांमुळे त्याचे घर पुरे होत नाही, आणि घर नाही म्हणून लग्नही होत नाही. आमच्यासारख्यांवर तो मनापासून चिडलेला आहे. 1887 साली तो झोपी जातो, तो 2000 साली जागा होतो. पाहतो तो सगळे कारखाने राष्ट्राचे झालेले आणि संप इतिहासजमा झालेले. एकविसाव्या वर्षी माणूस कामाला लागतो, पंचेचाळिसाव्या वर्षी मोकळा होतो. आणि जे काम अधिक कष्टाचे, त्याचे तास कमी. ही शेवटची युक्ती मला इतकी आवडली, की रंगाच्या भट्टीवर काम करणाऱ्या माझ्या सोबत्यांना ती मी अनेकदा सांगितली आहे. पण एक गोष्ट खटकली. बेलामीच्या त्या कामगारसेनेत कामावर असलेल्या माणसाला मत नाही. वरचे अधिकारी निवडावयाचे ते निवृत्तांनी. पोट भरले, पण तोंड बंद!

इंग्लंडातल्या विल्यम मॉरिसलाही ते राज्य रुचले नाही. मॉरिस कवी होता, छापकाम आणि विणकाम स्वतःच्या हातांनी करणारा कारागीर होता, आणि समाजवादी होता. बेलामीचे पुस्तक म्हणजे यंत्रासारखे जगणे, असे वाटून त्याने 1890 साली आपल्या 'कॉमनवील' पत्रात 'न्यूज फ्रॉम नोव्हेअर' क्रमशः लिहिली. त्याच्या भविष्यातल्या लंडनमध्ये थेम्स नदी पुन्हा स्वच्छ झाली आहे, आणि पार्लमेंटची इमारत शेणखत साठविण्याच्या कामी येते. लोक काम करतात ते कामात आनंद असतो म्हणून. कामाचे तास कमी करा, असे बेलामी म्हणतो. काम असे करा की तास मोजावे लागू नयेत, असे मॉरिस म्हणतो. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचा. हा वाद अजून मिटलेला नाही.

तिसरे नाव एच. जी. वेल्सचे. हा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असताना कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून राबला. त्याची आई एका मोठ्या जमीनदाराच्या वाड्यात घरव्यवस्था पाहत असे. त्या वाड्यात स्वयंपाकघराकडे जावयाला भुयारे होती. चाकर खालून जात, म्हणजे ते वरच्यांच्या दृष्टीस पडत नसत. 1895 साली त्याची 'द टाइम मशीन' प्रसिद्ध झाली. तिच्यातला प्रवासी 802701 या सालात पोहोचतो. वर उन्हात नाजूक, हसरी, निरुद्योगी माणसे फळे खात असतात. जमिनीखाली अंधारात दुसरी जात यंत्रे चालविते, वरच्यांना कपडे पुरविते, आणि रात्री वर येऊन त्यांनाच खाते. मालक आणि मजूर यांच्यातली दरी लाखो वर्षे तशीच राहू दिली, तर माणसाच्या दोन जाती होतील, असा हा हिशेब. वेल्सने कोणालाच सोडलेले नाही. वाचलेले सगळे तास वरच्यांनी घेतले, आणि त्या तासांनी त्यांची बुद्धी गेली. खालच्यांकडे काम राहिले, माणुसकी गेली. पुस्तक लहान आहे. दोन रात्रींत संपते.

आता आपल्या देशाकडे या. 1905 साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात रुकैया सखावत हुसैन या बंगाली लेखिकेची 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट आली. ही कादंबरी नव्हे, पंधरा-वीस पानांची कथा आहे. तिच्यातल्या स्त्रीराज्यात पुरुष पडद्यात असतात आणि बायका राज्य करतात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, पाणी ढगांतून नळीने उतरविले जाते, आणि कचेरीचे काम दिवसाला दोन तासांत संपते. आमचे पुरुष मग सात तास का लावतात, या शंकेला तिने दिलेले उत्तर येथील पुरुष श्रोत्यांनी स्वतःच वाचावे.

त्याच 1905 साली मुंबईच्या गिरण्यांत काय चालले होते? विजेचे दिवे आले होते. तोवर सूर्य मावळला की गिरणी थांबे. विजेने ती मर्यादा पुसली आणि कामाचा दिवस चौदा तासांवर, काही ठिकाणी त्याहूनही पुढे गेला. कामगारांत खळबळ उडाली. कापडगिरणीतल्या पुरुषाच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा यावयास 1911 साल उजाडले. तीच वीज, तेच साल: एका बाईच्या स्वप्नात कामाचा दिवस दोन तासांचा झाला आणि परळ-लालबागेत चौदा तासांचा. पुढे 1928 साली मुंबईचे गिरणीकामगार सहा महिने संपावर गेले, त्याच्या कारणांत एक हेही होते की दोन मागांच्या जागी विणकराने तीन माग सांभाळावे अशी योजना होती. यंत्र तास वाचविते हे खरे. पण वाचलेला तास ते कोणाच्या पदरात टाकावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही.

मला सर्वांत प्रिय लेखक मात्र चेकोस्लोव्हाकियाचा कारेल चापेक. 'रोबो' हा शब्द त्याच्या 1920 सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. शब्द सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी कुळाने करावयाची सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. मराठीत आपण यंत्रमानव म्हणतो. मूळ अर्थाला धरून 'वेठ्या' म्हणावयास हवे होते!

चापेकची 1936 सालची 'वॉर विथ द न्यूट्स' ही कादंबरी सर्वांनी वाचावी. सुमात्राकडच्या एका बेटाजवळ एका कप्तानाला बुद्धिमान सरड्यांसारखे जलचर सापडतात. तो त्यांना शार्क माशांपासून बचावासाठी सुऱ्या देतो, ते त्याला मोती देतात. कप्तान जाऊन एका धनाढ्य उद्योगपतीला गाठतो, कंपनी निघते, आणि मग हे प्राणी बंदरे आणि बांध बांधण्यासाठी डझनाच्या भावाने विकले जातात. त्यांची प्रतवारी होते, बाजारभाव छापले जातात. पुढे त्यांची संख्या माणसांहून वाढते आणि त्यांना किनारे अपुरे पडू लागतात. हसता हसता अंगावर काटा येतो. तीत पोवोंद्रा नावाचा दरवान आहे. त्या कप्तानाला उद्योगपतीच्या घरात सोडले ते यानेच. जग बुडू लागते तेव्हा हा म्हातारा हळहळत बसतो, की त्या दिवशी मी दार उघडले नसते तर! मी जेव्हा जेव्हा करारावर सही करतो, तेव्हा मला हा पोवोंद्रा आठवतो.

शेवटचे पुस्तक आमच्या चळवळीच्या कानउघाडणीसाठी. अमेरिकेच्या अर्सुला ल ग्विन यांची 'द डिस्पजेस्ड' 1974 साली आली. एका कोरड्या ग्रहावर मालक नाही, पैसा नाही, तुरुंग नाही. सर्व जण आळीपाळीने झाडलोट आणि खोदकाम करतात. तरीही तेथे मत्सर आहे, चालीरीतींचा जाच आहे, आणि जागा अडवून बसलेली वडीलधारी मंडळी आहेत. नायक शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ. त्याचे संशोधन वरिष्ठ आपल्या नावावर खपवू पाहतो. मालक गेला तरी खुर्ची उरते, हे ज्याला संघटना चालवावयाची आहे त्याने विसरू नये. ही कानउघाडणी मला लागली.

मराठीत शोधणाऱ्यांनी जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' वाचावी. जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन ज्ञानावरून घडविलेला यंत्रमानव माणसाच्या ताब्यात राहील की माणूस त्याच्या, हा तिचा विषय. तीन पावले जमीन मागणाऱ्या वामनाची गोष्ट आपल्याला ठाऊक असल्याने नावातली खोच इतरांपेक्षा आपल्याला लवकर कळते.

ही पुस्तके वाचून मी काय केले, असे कोणी विचारील. त्या कारखान्यातल्या पुढच्या मागणीपत्रात पहिले कलम तासांचे घातले: यंत्राने वाचविलेल्या वेळेतला अर्धा तास कामगाराला, पगार न कापता. व्यवस्थापनाने ते वाचले आणि म्हटले, ही कल्पनारम्य कथा आहे. कलम मंजूर झाले नाही. मागणीपत्रातून आम्ही ते काढलेलेही नाही.

1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरवून आठवड्याला एक दिवस सुट्टी मागितली, तेव्हा तीही पुष्कळांना कल्पनारम्यच वाटली असेल. 1890 सालच्या जूनमध्ये मालकांनी ती मान्य केली. आज आपण ज्या रविवारी सवडीने पुस्तक उघडतो, तो रविवार आधी कोणीतरी कल्पिला, मग मागितला, आणि सहा वर्षांनी मिळविला.

ज्यांना एकच पुस्तक वाचावयाचे असेल त्यांनी वेल्सपासून आरंभ करावा. ज्यांना हसावयाचे असेल त्यांनी चापेकपासून. त्या जुन्या वेल्डरला मी चापेकची गोष्ट तोंडी सांगितली. ऐकून तो म्हणाला, "त्या दरवानाचं काय चुकलं? त्याला विचारलं होतं का कोणी?" यावर मला उत्तर सुचलेले नाही. तुम्हाला सुचल्यास अवश्य कळवावे.