जुन्या फोनमधला आवाज

आज बोलूया जुन्या मोबाइलमधल्या रेकॉर्डरबद्दल.

२००३ साली आलेला नोकिया ६६०० घ्या. त्याची स्वतःची मेमरी जेमतेम ६ एमबी. एवढ्याशा जागेत आवाज मावणार कसा? तर फोनने कॉलसाठीचंच तंत्र वापरलं, एएमआर. १९९९मध्ये मोबाइल कॉलसाठी ठरलेलं हे मानक सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतं आणि मिनिटभराचं बोलणं साधारण ९० केबीत बसवतं.

पण ते घडवलंय माणसाच्या बोलण्यासाठी. ३४०० हर्ट्‌झच्या वरचं जवळपास सगळं ते सोडून देतं. म्हणूनच माझ्याकडच्या रेकॉर्डिंगमध्ये आजीच्या ओवीचे शब्द स्पष्ट कळतात, तिच्या बांगड्यांची किणकिण मात्र येत नाही.

तुमच्याही घरी कपाटात असा फोन पडला असेल, तर चार्ज करून बघा. सुरू झाला, तर त्यातल्या एएमआर फाइल मेमरी कार्डवर किंवा ब्लूटूथने काढून घ्या. व्हीएलसीमध्ये त्या वाजतात. एमपी३ करून ठेवलंत, तरी मूळ फाइल पुसू नका. गेलेली किणकिण एमपी३मुळे परत येत नाही, उलट उरलेल्यातलंही थोडं जातं.