नकारभय-मापन

नकारभय-मापन (मानसशास्त्र) : ज्यांच्या स्वीकाराची आपणांस आस असते, अशी माणसे आपल्याला झिडकारतील, या चिंतायुक्त अपेक्षेचे व्यक्तिगत प्रमाण अंकांत निश्चित करण्याची पद्धती. तरुणांच्या संदर्भात तिचे सर्वाधिक प्रचारात असलेले साधन म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील जेराल्डिन डाउनी व स्कॉट फेल्डमन यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेली नकार-संवेदनशीलता प्रश्नावली होय.

पूर्वपीठिका : वॉटसन व फ्रेंड यांची ३० विधानांची मापनी (१९६९) आणि तिचे लीअरीकृत १२ विधानांचे संक्षिप्त रूप (१९८३) ही प्रतिकूल मतप्रदर्शनाच्या भयाची साधने होत.

रचना व गणन : प्रश्नावलीत महाविद्यालयीन वयातील १८ प्रसंग असून वर्गातील कोणाकडे टिपणे मागणे, मित्राला मोठी गळ घालणे, आईवडिलांचे साहाय्य मागणे, प्रिय व्यक्तीपाशी एकत्र राहण्याचा विषय काढणे, अशा त्या सर्वांत याचना आणि होकार वा नकार यांची टांगणी असते. प्रत्येक प्रसंगी उत्तराबद्दल किती धाकधूक वाटेल आणि होकार मिळण्याचा संभव किती, या दोन पृच्छांना १ ते ६ या श्रेणीत उत्तर द्यावयाचे असते. होकाराच्या संभवाचा अंक ७ मधून वजा केला म्हणजे नकाराची अपेक्षा मिळते. तिला चिंतेच्या अंकाने गुणून अठराही गुणाकारांची सरासरी काढली की १ ते ३६ यांच्या दरम्यान पडणारा अंतिम गुणांक हाती येतो. बेरजेऐवजी गुणाकार योजण्यातच या साधनाचे खरे सामर्थ्य आहे. कारण नकार येणार हे जाणूनही ज्याला त्याची क्षिती नाही तो, आणि जिवाची घालमेल होत असूनही होकाराविषयी जो निःशंक आहे तो, असे दोघेही या व्याख्येनुसार तीव्र नकारभयाचे धनी ठरत नाहीत. मात्र चिंता २ व अपेक्षा ६, किंवा चिंता ६ व अपेक्षा २, या परस्परभिन्न मनोवस्थांचा गुणाकार १२ असाच येत असल्याने केवळ अंतिम आकड्यावर विसंबणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीतून एक महत्त्वाचा तपशील निसटतो. सबब दोन्ही अंकांचे स्वतंत्र दप्तर राखणे इष्ट होय.

प्रामाण्य : मूळ चाचणीतील ५८४ व्यक्ती विद्यार्थीच होत्या, ही मर्यादा विद्यापीठाबाहेरील तरुणांविषयी अनुमान करताना दृष्टीआड करता येत नाही. डाउनी व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रेमसंबंधातील युगुलांचे निरीक्षण केले, तेव्हा वादाच्या प्रसंगी उच्च गुणांकाच्या स्त्रियांचे वर्तन अधिक कटू आढळले आणि जोडीदारांच्या वादानंतरच्या रोषाचा काही उलगडा त्या वर्तनातून झाला. म्हणजे ज्याचे भय, तेच वर्तनाद्वारे ओढवून घेतले जाते, या उपपत्तीला तेथे आधार मिळाला. पुरुषांबाबतचे निष्कर्ष इतके स्पष्ट नाहीत.

अन्य रूपे : बालकांसाठी (१९९८), वांशिक भेदभावाच्या संदर्भात (२००२).