रफीसाहेबांची इंग्रजी तबकडी

आज एका अशा गाण्याविषयी बोलायचं आहे, जे तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. पण त्याची चाल मात्र तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. लग्नाच्या वरातीत बँडवाले हमखास वाजवतात ते ‘बहारों फूल बरसाओ’ आठवा. 1966 च्या ‘सूरज’ चित्रपटातलं हे गाणं. संगीत शंकर-जयकिशन यांचं, शब्द हसरत जयपुरींचे, आवाज महंमद रफींचा. तिघांनाही त्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. याच चालीवर रफीसाहेब 1968 मध्ये चक्क इंग्रजीत गायले आहेत! गाण्याचं नाव ‘ऑल्दो वी हेल फ्रॉम डिफरंट लँड्स’. आपण वेगवेगळ्या मुलखांतून आलो असलो तरी, अशी त्याची सुरुवात.

मला हे गाणं भेटलं ते 1998 च्या पावसाळ्यात, पुण्याच्या जुन्या बाजारात. रविवार होता. गंजलेले पाने, फुटके स्टोव्ह, कुलपांविना किल्ल्या यांच्या ढिगात लहान आकाराची एक तबकडी पडली होती. मिनिटाला 45 फेरे घेणारी. त्यावर रफींचं नाव पाहिलं आणि घासाघीस न करता घेतली. घरी वाजवायला यंत्र नव्हतं. तेव्हा आम्ही धायरीत नुकतेच राहायला आलो होतो. धायरी अजून गावच होती. महापालिकेत ती आली 2017 मध्ये. धायरी फाट्याजवळ एक रेडिओ दुरुस्त करणारे काका बसत. त्यांच्याकडे जुना रेकॉर्ड प्लेअर होता.

काकांनी सदऱ्याच्या बाहीनं तबकडी पुसली, सुई टेकवली. आधी खरखर, मग ओळखीची चाल आणि त्यावर रफीसाहेबांचं इंग्रजी. मला हसू फुटलं. प्रत्येक शब्दाला अमृतसरच्या मातीचा वास! काकाही हसले. तबकडी पिशवीत घालून मी घरी निघालो आणि वाटेत माझं हसणं मलाच टोचू लागलं.

कारण असं, की माझे वडील शिंपी होते. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. घरात दखनी, गिऱ्हाइकांशी मराठी. ‘ळ’ त्यांच्या जिभेवर कधी बसला नाही. ‘काळा कपडा’ म्हणताना त्यांचा ‘काला’ व्हायचा आणि दुकानात बसलेली माणसं गालात हसायची. अब्बाही त्यांच्याबरोबर हसायचे, पण शाळकरी वयात मला ते सहन होत नसे. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो. कविसंमेलनात कुणीतरी पाठ थोपटून म्हणतंच, ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ शेजारच्या कवीला असं कुणी म्हणत नाही. आणि असा मी, परक्या भाषेत जीव ओतणाऱ्या माणसाला हसलो होतो.

मग त्या गाण्याचा मागोवा घेतला. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे. सरोजिनी नायडूंचे हे धाकटे भाऊ. घराणं बंगाली, जन्म 1898 चा, हैदराबादचा. पहिल्या लोकसभेचे ते सदस्य होते. ‘बावर्ची’तले म्हातारे आजोबा आठवतात? तेच हे. तबकडीच्या दुसऱ्या बाजूचं ‘द शी आय लव्ह’ही त्यांचंच. त्याची चाल ‘गुमनाम’मधल्या मेहमूदच्या ‘हम काले हैं’ची.

काळ कोणता होता, तेही पाहा. बीटल्सनी जगाला वेड लावलं होतं आणि 1968 च्या आरंभी ते स्वतःच ऋषिकेशला येऊन राहिले होते. 1965 च्या ‘गुमनाम’मध्ये, म्हणजे आपल्या राजा नवाथ्यांच्या चित्रपटात, ‘जान पहचान हो’च्या वेळी पडद्यावर गिटारवाल्यांचा ताफाच उभा आहे. शंकर-जयकिशन यांची रागांवर आधारलेली जॅझ तबकडीही 1968 चीच. पश्चिमेची हवा इकडे वाहत होती, इथली तिकडे.

पण मला खरी गंमत वाटते ती माणसांची. शंकर हैदराबादेत वाढलेले, जयकिशन गुजरातेतल्या वांसद्याचे. त्यांचे तालाचे साहाय्यक दत्ताराम गोव्याचे. वाद्यमेळाची नेहमीची बांधणी करणारे सेबॅस्टियन डिसोझाही गोव्याचे आणि फाळणीआधी लाहोरात बँड चालवणारे. रफीही लाहोरातच घडले. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्यांचं गाणं त्यांना वेगळं शोधावं लागलं नसणार. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षात ते रोजच जगत होते. पुढे श्रीकांत ठाकऱ्यांनी रफींना मराठीतही गायला लावलं. ‘शोधिसी मानवा’ ऐकताना त्यांच्या उच्चाराला कुणी हसलेलं मला आठवत नाही.

‘जान पहचान हो’चं नशीब मात्र नंतर उघडलं. 2001 मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ हा अमेरिकन चित्रपट त्याच गाण्यानं सुरू झाला आणि साहेबाच्या देशातही ते पोचलं. आमची इंग्रजी तबकडी तेवढी मागेच राहिली.

पुढच्या रविवारी मी अब्बांना काकांच्या दुकानात घेऊन गेलो. रफी गेले ती 31 जुलै 1980 ची रात्र, रमजानचा महिना. दुसऱ्या दिवशी अब्बांनी मशीन उघडलं नव्हतं, एवढा त्यांचा जीव त्या आवाजावर. सुई टेकली. पहिल्याच सुरांना ते म्हणाले, ‘‘ये तो सूरज का है.’’ मग शब्द सुरू झाले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते हसले नाहीत. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून ऐकत राहिले. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. संपल्यावर विचारलं, ‘‘क्या बोलते?’’ मी दखनीत अर्थ सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले.

मग काकांकडे वळून आपल्या मराठीत म्हणाले, ‘‘भाऊ, अजून एक येला लावा.’’

काकांनी लावली. पैसे घेतले नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)