मदरबोर्ड घेताय? आधी चिपसेटचं नाव वाचा

मोबाईल घेताना आपण सगळेच चिपसेट बघतो. स्नॅपड्रॅगन आहे की डायमेन्सिटी, यावरून फोन किती फास्ट ते ठरवतो. हाच हिशोब घेऊन कॉम्प्युटर घ्यायला गेलं की गल्लत होते. मोबाईलमध्ये प्रोसेसर, ग्राफिक्स, मोडेम असं बरंच काही एकाच चिपमध्ये असतं आणि त्यालाच आपण चिपसेट म्हणतो. मदरबोर्डवरचा चिपसेट ही प्रोसेसरपेक्षा वेगळी चिप असते. ती कॉम्प्युटर किती फास्ट ते ठरवत नाही, तर त्याला काय काय जोडता येईल ते ठरवते: यूएसबी पोर्ट किती, एसएसडीचे स्लॉट किती आणि कुठल्या वेगाचे, ओव्हरक्लॉकिंग चालेल की नाही.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठेही असेंबल पीसीचं कोटेशन मागा. बऱ्याचदा प्रोसेसर, रॅम, एसएसडी नीट लिहिलेलं असतं आणि मदरबोर्डपुढे नुसतं कंपनीचं नाव. (आपल्याकडे अख्ख्या कॅबिनेटलाच ‘सीपीयू’ म्हणतात, मग आतल्या बोर्डाकडे लक्ष कोण देणार!) पण रॅम, एसएसडी पुढे वाढवता येते. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा पीसी उघडायचा. म्हणून कोटेशनवर बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून मागा.

इंटेलची नावं कशी वाचायची?

पहिलं अक्षर बघा. ‘एच६१०’ हा सगळ्यात स्वस्त, ‘बी७६०’ मधला, ‘झेड७९०’ महागडा. हे तिन्ही इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या जनरेशनला चालतात.

जास्त खपणारा एच६१० नीट समजून घ्या. यात साधारणपणे रॅमचे दोनच स्लॉट असतात. ८ जीबीच्या दोन पट्ट्या आज लावल्या, तर पुढे ३२ जीबी करताना त्या काढाव्या लागतील. म्हणून सुरुवातीला १६ जीबीची एकच पट्टी घ्या, एक स्लॉट मोकळा राहतो. वेग थोडा कमी मिळतो, पण अभ्यास आणि ऑफिसच्या कामात जाणवत नाही. दुसरं, एच६१० मध्ये एनव्हीएमई एसएसडी पीसीआयई ३.० च्या वेगाने चालते, म्हणजे ४.० च्या साधारण निम्म्या. महागडी ४.० एसएसडी तिथे लावली तर बसेल, चालेल, पण जादा दिलेले पैसे पाण्यात. रॅमचंही तेच. डीडीआर४ ची ३६०० वाली रॅम १२व्या जनरेशनसोबत इथे ३२०० वरच चालते.

मग एच६१० वाईट का? अजिबात नाही. एमपीएससीचा अभ्यास, कॉलेजचे प्रोजेक्ट, टॅली, ऑनलाइन फॉर्म भरणं यासाठी भरपूर झाला. सेवा केंद्र टाकायचं असेल तर मात्र मागच्या बाजूचे यूएसबी पोर्ट मोजा: कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, वेबकॅम. सहा तर इथेच संपले.

व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करायचं असेल तर बी७६०. पीसीआयई ४.० ची एसएसडी पूर्ण वेगाने चालते, फास्ट रॅमही चालते आणि बहुतेक बोर्डांवर रॅमचे चार स्लॉट मिळतात. झेड७९० फक्त ‘के’ अक्षराचा प्रोसेसर घेऊन ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांसाठी. आय५-१२४०० सोबत कुणी झेड सीरिज गळ्यात मारत असेल तर सरळ नको म्हणा.

एएमडीचं काय?

पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएमडी सोयीचं पडतं. एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आला. २०१८ च्या बी४५० बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन ५६०० सुद्धा चालतो. जुना स्टॉक घेताना ‘बायोस अपडेट केलाय का?’ एवढं विचाराच, नाहीतर स्क्रीनवर काहीच येणार नाही. ए५२० मध्ये ओव्हरक्लॉकिंग नाही, बी५५० मध्ये आहे. बी५५० वर पीसीआयई ४.० सुद्धा मिळतं, पण रायझन ५६००जी लावला तर तो ३.० वरच चालतो. नवीन एएम५ (२०२२ पासून) फक्त डीडीआर५ घेतो. तिथे ए६२० साधा आणि बी६५० मधला.

चिपसेटच्या नावावरून न कळणाऱ्या गोष्टी

बी७६० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींत येतात. दोन्ही पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.

प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, प्रत्येक बोर्डावर वेगळा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. आय७ लावणार असाल तर व्हीआरएमवर हीटसिंक असलेलाच बोर्ड घ्या.

मॉडेलच्या नावात वाय-फाय लिहिलेलं नसेल तर बहुधा ते नसतंच. तोवर मोबाईल डेटा केबलने जोडून यूएसबी टिदरिंग चालू करा, नेट लगेच चालतं. आणि नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतात. उदाहरणार्थ, १२४००एफ घेतला तर बोर्डावरचा एचडीएमआय पोर्ट वेगळं ग्राफिक्स कार्ड लावल्यावरही बंदच राहतो. मॉनिटरची केबल त्या कार्डालाच लावावी लागते.