मुलाची फिट किती गंभीर, हे रक्ताच्या तपासणीतून कळतं का?

मुलाला फिट आली की घरात पहिली धावपळ कांदा नाहीतर चप्पल शोधायची. (हुंगवून फिट थांबत नाही, पण तो वेगळा विषय.) मग दवाखाना, मग रक्ताचे रिपोर्ट. रिपोर्ट नॉर्मल आले की सगळे हुश्श करतात. काही घरांत तर गोळ्याही बंद होतात. गडबड होते ती इथेच.

कारण अपस्मार, म्हणजे आपण ज्याला आकडी किंवा मिरगी म्हणतो, तो रक्ताच्या रिपोर्टवर ठरत नाही. रक्त घेतात ते साखर, कॅल्शियम, सोडियम कमी झाल्याने फिट आली का हे पाहायला. अपस्माराचं निदान होतं फिट नेमकी कशी आली यावरून, आणि सोबत ईईजी, एमआरआय. मोबाईलवर काढलेला फिटचा व्हिडिओही डॉक्टरांच्या खूप कामाचा असतो.

मग 'बायोमार्कर'ची चर्चा कशासाठी? लांबलेल्या फिटमध्ये मेंदूच्या पेशींना इजा होऊ शकते आणि त्यांच्यातली काही प्रथिनं रक्तात उतरतात. एनएसई, एस१००बी, न्यूरोफिलामेंट लाइट ही त्यातली काही. ती मोजून मेंदूला किती झळ बसली ते कळावं, असा संशोधकांचा प्रयत्न आहे.

पण एनएसई तांबड्या पेशींतही असतं. रडणाऱ्या बाळाची नस सापडत नाही, रक्त काढताना पेशी फुटतात आणि आकडा उगाच फुगतो. एस१००बी चरबीतूनही येतं. प्रोलॅक्टिन हे हार्मोन फिटनंतर १० ते २० मिनिटांत तपासलं तरच उपयोग, तेवढ्या वेळात आपल्याकडे रिक्षाही मिळत नाही!

रक्तातून होणारी जनुकीय तपासणी मात्र काही मुलांत उपचाराची दिशा बदलते. एससीएन१ए जनुकातल्या बदलामुळे ड्रावेट सिंड्रोम असेल, तर कार्बामाझेपिनने फिट्स वाढू शकतात.

सध्या आजाराची तीव्रता डॉक्टर जोखतात ती फिट किती वेळा येते, किती वेळ टिकते आणि औषधाने थांबते का यावरून. योग्य निवडलेली दोन औषधं नीट देऊनही फिट्स थांबल्या नाहीत, तर त्याला औषधाला न जुमानणारा अपस्मार म्हणतात. म्हणून प्रत्येक फिटची तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आणि फिट ५ मिनिटांत थांबली नाही, तर थेट हॉस्पिटल गाठा.