मूकपट आणि प्रेक्षकाचा कान

ऊर्जानगरच्या रहिवाशांना वीजवाहिन्यांचे मनोरे नवे नाहीत. डिसेंबर २०१७मध्ये मात्र अशाच मनोऱ्यांच्या, काही क्षणांच्या एका हलत्या चित्राने जगभर कुतूहल जागवले. दोन मनोरे दोरी फिरवतात, तिसरा उड्या मारतो; तो खाली आला की चित्र हादरते. चित्राला आवाज नाही. तरी अनेकांना दर उडीला 'धप्प' असे ऐकू आले.

लंडनच्या सिटी विद्यापीठातील फासनिज आणि फ्रीमन यांनी २०१८ साली चार हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे एक पंचमांश लोकांनी असा अनुभव सांगितला. याला निव्वळ आठवणीचा खेळ म्हणावे, तर काहींना प्रकाशाच्या साध्या उघडझापीतही ध्वनी जाणवतो, आणि तिला तर स्वतःचा आवाजच नसतो. मेंदूतील दृष्टी व श्रवण यांची केंद्रे परस्परांशी जोडलेली असतात. काही जणांत त्यांच्यातील देवघेव अधिक मोकळी असावी, असे एक स्पष्टीकरण आहे.

हे ध्यानात घेतले की आपल्या चित्रपटेतिहासातील 'मूक' हे विशेषण तपासून घ्यावेसे वाटते. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्या काळच्या खेळांना पेटी-तबल्याची साथ असे. मुकी होती ती फीत; खेळ मुका नव्हता. उरलेला ध्वनी काही प्रेक्षकांचे कान स्वतःच पुरवत असतील, ही शक्यता आता कविकल्पना म्हणून बाजूला सारता येत नाही.

तथापि त्या मौनाचे उदात्तीकरणही नको. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' १९२५ साली मूकपट म्हणून आला आणि १९३६ साली त्यांनीच त्याचा बोलपट केला. जे. बी. एच. वाडिया यांना मूकपट पुसटसाच आठवत होता. त्यांच्या मनात ठसली ती बोलपटातील अंधारी झोपडी आणि कुत्र्याचे रडणे. म्हणजे एका जाणत्या प्रेक्षकापुरते तरी दृश्य पक्के झाले ते बाहेरून आलेल्या ध्वनीमुळेच.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात देव ब्रह्मदेवाकडे मागतात ते क्रीडनीयक दृश्यही असते आणि श्रव्यही. पुढे आपण काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले आणि परीक्षेपुरते ते पाठ केले. मूकपटाचा प्रेक्षक या दोहोंच्या सीमेवर बसलेला होता. मूकपटाचा इतिहास लिहायचा तर पडद्याइतकीच त्याच्या कानाचीही दखल घ्यावी लागेल.